ड्रॉपडाउनमधला पहिला रिकामा ऑप्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळाचं रक्तदान शिबिर असो, सोसायटीत रहिवाशांची माहिती गोळा करायची असो नाहीतर क्लासची अ‍ॅडमिशन, फॉर्म आला की ड्रॉपडाउन (दाबल्यावर उघडणारी पर्यायांची यादी) आला, आणि त्यात सगळ्यात वर काय ठेवायचं हे दर वेळी कुणीतरी विचारतंच. मुंबईत छोट्या वेबसाइट करणारे, मंडळाचे फॉर्म सांभाळणारे आणि नुकतेच कोडिंगला लागलेले लोक जे जे विचारतात ते इथे एकत्र लिहिलंय. कोड मुद्दाम बोलण्याच्या भाषेत सांगितलाय, म्हणजे ज्याला कोड येत नाही पण फॉर्मचं काम ज्याच्या गळ्यात पडलंय त्यालाही कळेल.

पहिला ऑप्शन रिकामा ठेवायची गरजच काय? सरळ यादी दिली तर काय बिघडतं?

बिघडतं असं की ब्राउझर तुमच्या वतीने उत्तर देऊन टाकतो. साध्या ड्रॉपडाउनमध्ये कुठलाच ऑप्शन आधीपासून निवडलेला नसेल तर डिसेबल (निवडता येणार नाही असा बंद) नसलेला जो पहिला ऑप्शन सापडेल तो ब्राउझर आपोआप निवडतो, हा एचटीएमएलचा, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिचा, नियमच आहे, कुठल्या एका ब्राउझरची खोड नाही.

आता लालबाग-परळकडच्या एखाद्या मंडळाचा रक्तदान शिबिराचा फॉर्म डोळ्यासमोर आणा. नाव, मोबाइल, वय, रक्तगट, सबमिट. रक्तगटाची यादी ए पॉझिटिव्हपासून सुरू होते. लोक हा फॉर्म लोकलमध्ये उभ्याउभ्या एका हाताने भरतात, नाव टाकलं, नंबर टाकला, रक्तगटाच्या जागी आधीच काहीतरी दिसतंय म्हणून पुढे गेले, झालं सबमिट. यादीत ए पॉझिटिव्हवाले ढिगाने दिसतात आणि त्यातले खरे किती हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. शिबिरात तसा धोका नसतो, कारण रक्तपेढी प्रत्येक युनिटचा गट स्वतः तपासते. पण मंडळाकडे ती यादी राहते आणि रात्री कुणाला रक्त लागलं की तीच यादी काढून फोन लावले जातात. तेव्हा चार फोन चुकीच्या माणसांना जातात आणि ज्याचा रक्तगट खरंच हवा तो असतो त्याला फोनच जात नाही, कारण तो भलत्याच गटाखाली नोंदलेला असतो. म्हणून माणसाने दिलेलं उत्तर आणि न दिलेलं उत्तर ही दोन्ही डेटामध्ये वेगळी ओळखता आलीच पाहिजेत, आणि पहिला रिकामा ऑप्शन नेमकं तेच काम करतो.

मग रिकामा ऑप्शन नेमका कसा लिहायचा?

सगळ्यात वर एक ऑप्शन टाका, त्याचा दिसणारा मजकूर 'रक्तगट निवडा' असा ठेवा आणि त्याची व्हॅल्यू (साइटच्या सर्व्हरला उत्तर म्हणून जे पोचतं ते) रिकामी ठेवा, म्हणजे व्हॅल्यू ॲट्रिब्यूट लिहायचं आणि दोन अवतरण चिन्हांच्या मधे काहीही लिहायचं नाही, स्पेससुद्धा नाही. खाली खरे ऑप्शन. फील्ड सक्तीचं असेल तर सिलेक्ट टॅगवर (ज्याने ड्रॉपडाउन बनतो तो टॅग) रिक्वायर्ड, म्हणजे सक्तीची खूण, लावा. नव्वद टक्के फॉर्मना एवढं पुरतं, जावास्क्रिप्ट वगैरे काही लागत नाही.

व्हॅल्यू लिहिलीच नाही तर? मजकूर तर 'निवडा' असाच आहे ना

इथेच बरेच जण फसतात. व्हॅल्यू ॲट्रिब्यूट नसेल तर ऑप्शनचा मजकूर हीच त्याची व्हॅल्यू धरली जाते. म्हणजे सर्व्हरला '--निवडा--' हे शब्द जसेच्या तसे पोचतात, रिक्वायर्डला वाटतं उत्तर आलं, फॉर्म बिनदिक्कत पुढे जातो आणि एक्सेलमध्ये एक्स्पोर्ट केल्यावर जिल्ह्याच्या कॉलममध्ये 'निवडा' नावाचा जिल्हा दिसतो. तुमच्या जुन्या डेटामध्ये 'निवडा', 'सिलेक्ट', नुसते डॅश असलं काही सापडलं तर बहुतेक वेळा हेच कारण असतं.

रिक्वायर्ड लावलंय तरी फॉर्म न निवडता सबमिट होतोय, का?

तीन गोष्टी बघा. पहिली वर सांगितली तीच, व्हॅल्यू खरंच रिकामी आहे का. दुसरी, तो ऑप्शन यादीत अगदी पहिला आहे का, कारण रिकामी व्हॅल्यू असलेला ऑप्शन दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला असेल तर त्याला प्लेसहोल्डर (उत्तर येईपर्यंत जागा धरणारा) मानलं जात नाही. तिसरी गोष्ट पटकन लक्षात येत नाही: तो ऑप्शन ऑप्टग्रुपच्या (ऑप्शन गटांत बांधणाऱ्या टॅगच्या) आत असेल तरीसुद्धा धरला जात नाही, तो थेट सिलेक्टच्या आत हवा. कोकण, पुणे, नाशिक असे विभाग पाडून जिल्हे दिले असतील तर 'निवडा' वाला ऑप्शन सगळ्या ग्रुपच्या बाहेर, वर ठेवा.

आणि रिकामा ऑप्शनच नसेल तर रिक्वायर्डला काही अर्थ उरत नाही, कारण काहीतरी निवडलेलं कायमच असतं. वर्डप्रेसवर काँटॅक्ट फॉर्म सेव्हन वापरणाऱ्यांचं असं फार होतं, सिलेक्टला स्टार (तिथली सक्तीची खूण) लावतात आणि निवांत होतात. तिथे टॅगमध्ये इन्क्लूड ब्लँक किंवा फर्स्ट ॲज लेबल यातलं एक टाकावं लागतं.

सिलेक्टला प्लेसहोल्डर ॲट्रिब्यूट देता येत नाही का, इनपुटला देतो तसं?

नाही, साध्या सिलेक्टला ते ॲट्रिब्यूटच नाही. लिहिलंत तर एरर येणार नाही आणि कामही होणार नाही. म्हणूनच तर हा रिकाम्या ऑप्शनचा सगळा खटाटोप.

पहिला ऑप्शन डिसेबल करू का, म्हणजे कुणी निवडूच शकणार नाही?

सक्तीच्या फील्डला चालेल, पण मग त्याला सिलेक्टेड (आधीपासून निवडलेला) हेसुद्धा लावा. नुसतं डिसेबल लावलं तर ब्राउझर तो ओलांडून पुढचा चालू ऑप्शन निवडतो, म्हणजे आपण फिरून त्याच ए पॉझिटिव्हवर आलो, आणि यादीत 'निवडा' दिसत असल्यामुळे तुम्हाला वाटत राहतं की सगळं ठीक आहे.

ऐच्छिक फील्डला मात्र डिसेबल करू नका. समजा 'जवळचं स्टेशन' हे फील्ड ऐच्छिक आहे, काकूंनी चुकून अंधेरीला बोट लावलं आणि आता त्यांना काहीच द्यायचं नाहीये, तर परत रिकाम्यावर जायला वाटच नाही, सगळा फॉर्म रीसेट करा किंवा खोटं उत्तर द्या. लोक खोटं उत्तर देतात.

अजून एक फरक बॅकएंडवाल्यांसाठी, म्हणजे सर्व्हरकडचा कोड लिहिणाऱ्यांसाठी. रिकाम्या व्हॅल्यूचा ऑप्शन निवडलेला असेल तर फील्डचं नाव आणि रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) असं सर्व्हरला जातं. निवडलेला ऑप्शन डिसेबल असेल तर ते फील्ड जातच नाही, नावासकट गायब. ज्या कोडने ते फील्ड येणारच असं गृहीत धरलंय तो तिथे आपटतो.

हिडन लावून तो यादीतून घालवता येईल का?

डेस्कटॉपवर क्रोम-फायरफॉक्समध्ये जातो, सफारीत आणि आयफोनवर भरवसा धरू नका. दिसला तर काही बिघडत नाही हो, राहू दे त्याला.

मजकूर काय ठेवू? 'निवडा', डॅश, की एकदम कोरा?

'रक्तगट निवडा', 'विंग निवडा' असं काय निवडायचंय ते सांगणारं लिहा. एकदम कोरा ठेवला की लोकांना वाटतं यादी लोडच झाली नाही, नेट स्लो आहे, आणि ते थांबून राहतात. नुसते डॅश ठेवले तर स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला त्यातून काहीच बोध होत नाही. ऐच्छिक फील्डला 'निवडा (ऐच्छिक)' असं लिहिलं तर फारच उत्तम.

पण वरचं लेबल काढून टाकू नका. जागा वाचवायला म्हणून लेबल उडवतात आणि 'जिल्हा निवडा' हाच मजकूर लेबल म्हणून चालवतात, मग उत्तर निवडलं की तो मजकूर जातो आणि नुसतं 'ठाणे' उरतं, ते राहण्याचं ठाणे की जन्माचं ठाणे हे तपासताना कळत नाही.

हा मजकूर फिकट करड्या रंगात कसा दाखवायचा?

रिक्वायर्ड असेल तर रिकामं असेपर्यंत सिलेक्ट इनव्हॅलिड (अवैध) असतो, त्यावर सीएसएस (रंगरूप ठरवणारा कोड) लावता येतं. खालच्या ऑप्शनना नेहमीचा गडद रंग वेगळा द्यायला विसरू नका, नाहीतर उघडल्यावर अख्खी यादी करडी दिसते. आणि फार फिकट करू नका, साध्या मजकुराला कमीत कमी ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट असावा असं डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या नियमावलीत आहे, आणि भर दुपारी प्लॅटफॉर्मवर उभं राहून मोबाइल बघणाऱ्याला तर तेवढाही कमी पडतो.

'माहीत नाही' असा ऑप्शन दिला तर रिकामा वेगळा कशाला?

दोन्ही द्या. रिकामा म्हणजे अजून उत्तरच दिलं नाही, 'माहीत नाही' म्हणजे विचार करून दिलेलं उत्तर. रक्तगट खरंच माहीत नसलेले कितीतरी लोक असतात, फील्ड सक्तीचं आणि 'माहीत नाही' ची सोय नाही, मग तो माणूस काय करणार, अंदाजाने काहीतरी दाबणार. लिंग, जात, उत्पन्न असं काही विचारत असाल तर 'सांगायचं नाही' पण ठेवा, आणि मुळात ते विचारायची गरज आहे का तेही एकदा बघा.

डिफॉल्ट आधीपासून निवडून ठेवणं कधी चालतं?

उत्तर जवळजवळ सगळ्यांचं एकच असेल आणि चुकलं तरी कुणाचं नुकसान होणार नसेल तेव्हा. वरळीतल्या सोसायटीच्या फॉर्मला देश भारत, राज्य महाराष्ट्र हे ठेवा की खुशाल, अफगाणिस्तानपासून स्क्रोल करायला लावण्यापेक्षा बरं. शोधायच्या पानावर फिल्टरला 'सगळे' हे डिफॉल्टच योग्य.

पैसे, आरोग्य, तक्रार आणि संमती या चार ठिकाणी मात्र मी कधीच ठेवणार नाही. तक्रारीच्या फॉर्ममध्ये वॉर्ड विचारला आणि ए वॉर्ड आधीच निवडलेला असला तर बोरिवलीतल्या फुटलेल्या पाइपलाइनची तक्रार कुलाबा-फोर्टच्या नावावर नोंदते आणि पाणी वाहतच राहतं. संमतीचं तर कायद्यातच आहे, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट कृतीतून दिलेली हवी असं म्हटलंय, आणि आधीच 'हो' वर ठेवलेल्या ड्रॉपडाउनला हात न लावणं ही काही कृती झाली नाही.

जुनी नोंद एडिट करायला उघडली की भलताच जिल्हा दिसतो. असं का?

हा प्रश्न हल्ली जास्त येतो आणि त्याला कारणही तसंच आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. तुम्ही यादी अपडेट केली, पण डेटाबेसमध्ये जुन्या माणसासमोर 'अहमदनगर' हेच शब्द साठवलेले आहेत. एडिटचं पान उघडताना कोड 'अहमदनगर' शी जुळणारा ऑप्शन शोधतो, सापडत नाही, म्हणून कशालाच सिलेक्टेड लागत नाही, आणि मग ब्राउझर त्याच्या नियमाने यादीतला पहिला निवडतो. यादी मराठीत वर्णानुक्रमाने असेल तर अकोला. ऑफिसमधल्या ताई फक्त मोबाइल नंबर बदलायला आल्या होत्या, त्यांनी नंबर बदलून सेव्ह केलं आणि नगरचा माणूस अकोल्याला गेला. कुणाच्या लक्षातही येत नाही.

उपाय दोन, दोन्ही करा. एडिटच्या फॉर्मलासुद्धा रिकामा पहिला ऑप्शन ठेवा, म्हणजे जुळलं नाही तर निदान रिकामं दिसेल आणि भरणाऱ्याला विचारावं लागेल. आणि व्हॅल्यू म्हणून नाव साठवूच नका, कोड साठवा. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक जिल्ह्याला कोड आहे, तो वापरला तर डेटाबेसला नावं बदलण्याशी काही घेणंदेणं राहत नाही.

जिल्हा निवडला की तालुका येतो, त्यात रिकामा ऑप्शन कसा सांभाळू?

जिल्हा बदलला की तालुक्याची यादी पुसून नवीन भरताना दर वेळी सगळ्यात वर 'तालुका निवडा' परत टाका आणि निवड तिथे आणून ठेवा. बरेच जण पहिल्या लोडला टाकतात आणि बदलल्यावर विसरतात, मग रायगडवरून ठाण्यावर आलं की ठाण्याचा पहिला तालुका आपोआप चिकटतो.

आता मुंबईची खास अडचण. मुंबई उपनगर जिल्ह्यात कुर्ला, अंधेरी, बोरिवली हे तीन तालुके आहेत, पण मुंबई शहर जिल्ह्यात तालुकेच नाहीत. तालुका रिक्वायर्ड ठेवलात तर गिरगावचा माणूस 'तालुका निवडा' कडे बघत बसतो, यादीत दुसरं काही नाही आणि फॉर्म सोडत नाही. मग तो जिल्हा उपनगर करतो, कुर्ला दाबतो आणि सुटतो. यादी रिकामी आली तर रिक्वायर्ड काढा आणि फील्ड लपवा किंवा 'लागू नाही' दाखवा, आणि सर्व्हरवरही तीच सवलत द्या.

सर्व्हरवर परत तपासायची गरज आहे का? ब्राउझरने अडवलंय ना

आहेच. ब्राउझरचं व्हॅलिडेशन (उत्तरांची तपासणी) भरणाऱ्याच्या सोयीसाठी असतं, ते बंद करणं कुणालाही जमतं. सर्व्हरवर आलेली व्हॅल्यू रिकामी आहे का आणि रिकामी नसेल तर आपल्या यादीतली आहे का, दोन्ही बघा.

इथे शून्याचा घोळ सांभाळा. पीएचपीमध्ये एम्प्टी हे फंक्शन '0' या स्ट्रिंगलाही रिकामं म्हणतं, त्यामुळे 'मुलं किती' मध्ये कुणी शून्य निवडलं तर त्याला 'कृपया निवडा' असा एरर येत राहतो, बिचारा कितीदाही निवडू दे. जावास्क्रिप्टमध्ये उलटं, रिकाम्या स्ट्रिंगचं नंबर केलं की शून्य मिळतं, म्हणजे ज्याने उत्तरच दिलं नाही त्याला शून्य मुलं. तुलना सरळ रिकाम्या स्ट्रिंगशी करा, नंतर आकडा बनवा.

डेटाबेसमध्ये रिकामी स्ट्रिंग ठेवू की नल?

नल, म्हणजे 'इथे काहीच नाही' अशी नोंद. लाराव्हेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये ५.४ पासून रिकाम्या स्ट्रिंगचं आपोआप नल होतं, बाकी ठिकाणी आपल्याला करावं लागतं. आकड्याच्या कॉलममध्ये रिकामी स्ट्रिंग टाकली तर पोस्टग्रेस हा डेटाबेस सरळ एरर देतो, मायएसक्यूएल स्ट्रिक्ट मोडमध्ये एरर देतो, पण जुन्या होस्टिंगवर स्ट्रिक्ट बंद असेल तर गुपचूप शून्य भरतो. एरर आला तर आपल्याला कळतं तरी.

रिअ‍ॅक्ट, व्ह्यू, जँगो अशा वेबसाइट बनवायच्या साधनांत काही वेगळं आहे का?

थोडं थोडं. रिअ‍ॅक्टमध्ये ऑप्शनवर सिलेक्टेड लावायचं नाही, सिलेक्टवर व्हॅल्यू किंवा डिफॉल्ट व्हॅल्यू द्यायची, आणि सुरुवातीची स्टेट (कोडने धरून ठेवलेलं सध्याचं उत्तर) नल न ठेवता रिकामी स्ट्रिंग ठेवायची. सगळ्यात वाईट केस अशी की स्टेट रिकामी आहे पण त्या व्हॅल्यूचा ऑप्शनच यादीत नाही, तेव्हा स्क्रीनवर पहिला ऑप्शन निवडलेला दिसतो आणि स्टेट मात्र रिकामीच असते. भरणारा म्हणतो मी 'ए विंग' निवडलंय, फॉर्म म्हणतो काहीच निवडलं नाही, आणि दोघंही खरं बोलतायत.

व्ह्यूमध्ये व्ही-मॉडेलची (फील्ड आणि डेटा जोडणाऱ्या सूचनेची) सुरुवातीची व्हॅल्यू कुठल्याच ऑप्शनशी जुळली नाही तर ड्रॉपडाउन कोरा दिसतो, आणि आयफोनवर मग पहिला ऑप्शन निवडताच येत नाही कारण चेंज इव्हेंट येत नाही, म्हणून त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्येच रिकाम्या व्हॅल्यूचा डिसेबल ऑप्शन टाका असं सांगितलंय. जुन्या अँग्युलर जेएसच्या साइट अजून कुठे कुठे चालू आहेत, त्याचा अधिकृत सपोर्ट २०२१ च्या अखेरीस संपला, तिथे न जुळलेल्या व्हॅल्यूसाठी तो स्वतःच वर एक कोरा ऑप्शन घुसडतो, तो काढायचा असेल तर आपला रिकामा ऑप्शन द्या.

जँगो फॉरेन की (दुसऱ्या टेबलमधल्या नोंदीचा दुवा) असलेल्या फील्डला स्वतःहून नऊ डॅशवाला ऑप्शन टाकतो, एम्प्टी लेबल बदलून तिथे मराठी मजकूर द्या. रेल्समध्ये प्रॉम्प्ट आणि इन्क्लूड ब्लँक वेगळे आहेत, प्रॉम्प्ट फक्त उत्तर रिकामं असेपर्यंत दिसतो, इन्क्लूड ब्लँक कायम राहतो, म्हणून ऐच्छिक फील्डला दुसरा वापरा.

मंडळात कोड कुणालाच येत नाही, गूगल फॉर्म वापरतो. मग?

मग निम्मं काम झालंच आहे, तिथे ड्रॉपडाउन न निवडलेल्या अवस्थेतच सुरू होतो. फक्त स्वतः पहिला ऑप्शन म्हणून 'निवडा' टाइप करू नका, कारण तो खरा ऑप्शन धरला जातो आणि सक्तीचं ठेवलं तरी चालून जातो.

यादी तीन-चारचीच आहे, तरी ड्रॉपडाउनच ठेवू का?

नको. रेडिओ बटणं द्या, सगळे पर्याय समोर दिसतात आणि सुरुवातीला काहीच निवडलेलं नसतं. एकदा निवडलं की साधा रेडिओ अननिवडलेला करता येत नाही एवढं लक्षात ठेवा, ऐच्छिक असेल तर 'सांगायचं नाही' ठेवा. ब्रिटनच्या सरकारी डिझाइन सिस्टीममध्ये तर सिलेक्ट अगदी शेवटचा उपाय म्हणून वापरा असं लिहिलंय आणि मला ते पटतं. आपल्याकडे त्यात भर म्हणजे यादी देवनागरीत असते आणि कीबोर्ड इंग्रजी, त्यामुळे अक्षर दाबून खाली उडी मारायची सोयही चालत नाही, 'एम' दाबून मुंबई येत नाही.

आधीच चुकीचा डेटा जमलाय, आता काय करू?

आधी फॉर्म दुरुस्त करा आणि केव्हा केला ती तारीख लिहून ठेवा. मग त्या तारखेआधीच्या ज्या नोंदींमध्ये पहिलाच ऑप्शन आहे त्या सगळ्यांवर 'खात्री नाही' अशी खूण करा. त्यातल्या काही खऱ्या असणार, पण कुठल्या ते डेटा बघून कळणार नाही. सरसकट नल करू नका, खरं उत्तर देणाऱ्यांचं उत्तर जाईल. व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळीचा मेसेज टाका, 'तुमचा रक्तगट आमच्याकडे ए पॉझिटिव्ह आहे, बरोबर का?', बरेच जण लगेच उत्तर देतात, राहिलेल्यांना फोन. कंटाळवाणं काम आहे, पण रक्तगटाच्या यादीसाठी ते करायलाच हवं.

लाइव्ह करायच्या आधी काय काय तपासू?

एकदा कुठल्याच ड्रॉपडाउनला हात न लावता सबमिट करा. मग एक निवडून परत रिकाम्यावर जाता येतं का बघा. सबमिट करून बॅक दाबा, पान रिफ्रेश करा, फायरफॉक्स रिफ्रेश केल्यावरही जुनी निवड धरून ठेवतो, त्यामुळे डिफॉल्ट तपासताना नवीन टॅब उघडा. एक जुनी नोंद एडिटला उघडा. आणि आयफोन आणि स्वस्तातला अँड्रॉइड दोन्हीवर भरून बघा, शक्यतो घरातल्या कुणाला तरी भरायला देऊन, आपण बाजूला गप्प बसून.

मल्टिपल सिलेक्टमध्ये (एकापेक्षा जास्त पर्याय निवडता येणाऱ्या यादीत) पण रिकामा ऑप्शन टाकायचा का?

नाही. तिथे सुरुवातीला काहीच निवडलेलं नसतं, त्यामुळे गरज नाही. टाकलात तर लोक तो आणि बाकीचे दोन असे मिळून निवडतात आणि यादीत एक रिकामी व्हॅल्यू येऊन बसते. साध्या सिलेक्टला साइज देऊन चार-पाच ओळी उघड्या दाखवल्या असतील तरी तेच लागू आहे.